आधी रुमाल, मग हात

मी रुमाल बाळगत नाही. सोळा वर्षं झाली. घाम पुसायला ओढणी, चष्मा पुसायला साडीचा काठ, आणि सर्दी झालीच तर कागदी रुमालांचं पाकीट. प्रयोगशाळेतल्या पोरी हसायच्या. "मॅडम, हजारो नळ्यांमधल्या पेशी सांभाळता आणि एक रुमाल सांभाळता येत नाही?" मीही हसायचे. हसून विषय टाळता येतो, हे मला फार लवकर जमलं.

पण कार्तिक लागला, वेल्ह्याकडची भातं पिवळी पडली, नसरापूरच्या बाजारात नव्या विळ्यांच्या जुड्या टांगलेल्या दिसल्या, की माझा हात आपोआप पर्समध्ये जातो. रुमाल नाही ना, याची खात्री करून घेतो. कापलेल्या भाताचा वास लोकांना सुगीचा वाटतो, मला तो परीक्षेचा वाटतो. नापास झालेल्या परीक्षेचा.

गेल्या आठवड्यात कांताचा फोन आला. "बाई, आमच्या भाताची पाळी आयतवारी हाय. सई बी हाय घरी. येताय न्हवं?"

"येते की."

"कंबर चालंल का औंदा?"

"रिटायर मी झालेय, कंबर नाही झाली."

ती खळखळून हसली. कांताचं हसणं ऐकलं की मला बरं वाटतं आणि अपराधीही वाटतं. दोन्ही एकदम.

कांता हे तिचं खरं नाव नाही. गावाचं नावही मी सांगणार नाही. वेल्ह्याच्या पुढे, जिथं रस्ता डोंगराला टेकतो, तिकडचं एक गाव, एवढंच. तिची एक गोष्ट मी सांभाळायला हवी होती, ती मी सांभाळली नाही. निदान कागदावर तरी सांभाळते.

माझं शिक्षण भोंगवलीच्या शाळेत, मग भोरला, मग पुण्यात, मग तीन वर्षं परदेशात. पस्तीस वर्षं मी एचआयव्ही आणि माणसाची प्रतिकारशक्ती यांच्यातल्या भांडणाचा अभ्यास केला. एकदा ज्वारी खुडता खुडता अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं, "तू बगतीस तरी काय त्या रक्तात?"

मी म्हटलं, "अण्णा, रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यातल्या काही गावच्या पोलीस पाटलासारख्या. परका कुणी शिरला की त्या दवंडी पिटतात, मग बाकीच्या धावून येतात."

"बरं, मंग?"

"हा विषाणू नेमका पोलीस पाटलाच्याच घरात शिरतो."

अण्णांनी हातातलं कणीस खाली ठेवलं. "म्हंजी मंग दवंडी कोन पिटनार?"

मी ज्या प्रश्नावर बारा पानांचा निबंध लिहिला होता, तो त्यांनी कणसं खुडता खुडता विचारला होता. त्या दिवसापासून मी परिषदांमध्ये जरा कमी मिजास करायला लागले.

त्याहून वाईट गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. शरीरात काही पेशी फक्त आठवण ठेवायला असतात. लहानपणी येऊन गेलेल्या गोवराची आठवण त्या म्हातारपणापर्यंत जपतात. औषधांनी हा विषाणू रक्तातून हटतो, मोजायला गेलं तर सापडतही नाही. पण थोडासा लपून उरतो, आणि तो मुख्यतः या आठवणीच्या पेशींमध्येच उरतो. वर्षानुवर्षं गप्प बसतो, गोळ्या थांबल्या की उठतो. त्याला तिथून हुसकून काढता येईल का, या एका प्रश्नात माझं निम्मं आयुष्य गेलं. मला तरी नाही काढता आला. लपायला त्यानं आठवणीचीच जागा का निवडावी, असं पुष्कळदा मनात येतं. शास्त्रज्ञानं असं काही म्हणू नये, पण आता मला कोण विचारतंय.

सुईचंही सांगून टाकते. मी तरुण होते, घाईत होते. वापरलेल्या सुईला टोपण बसवायला गेले आणि ती हातमोज्यातून थेट बोटात शिरली. रक्त एका रुग्णाचं होतं. महिनाभर औषधं घेतली, पुढे तीनदा तपासणी झाली, तिन्ही वेळा काही निघालं नाही. त्याच महिन्यात मी शाळाशाळांतून सांगत फिरत होते, की एका ताटात जेवल्यानं, एका पेल्यानं पाणी प्यायल्यानं हा रोग होत नाही. आणि घरी मी माझा पेला वेगळा ठेवत होते. फडताळात मागे, लोणच्याच्या बरणीआड, आईला दिसू नये म्हणून. तुम्हाला सगळं माहीत असताना असं का केलंत, असं कुणी विचारलं तर मला आजही सांगता येत नाही. माहिती डोक्यात बसते, भीती हातात बसते. आणि प्रसंगाला हात आधी हलतो.

सोळा वर्षांपूर्वी आमचा अभ्यास आया आणि बाळं यांचा होता. आईला संसर्ग असेल तर बाळाला किती जपता येतं, औषधांनी कितपत टळतं, असा. जन्मल्यावर बरेच महिने बाळाच्या रक्तात आईच्याच रक्तातल्या खुणा फिरत असतात, म्हणून साध्या तपासणीचा शेवटचा निकाल दीड वर्षाचं झाल्याशिवाय देता येत नाही. दीड वर्ष आईनं बाळाकडे बघत बसायचं. खोकला आला की दचकायचं, जुलाब झाले की दचकायचं. कांता असं दीड वर्ष दचकत होती.

तिचा नवरा टेम्पोवर ड्रायव्हर होता. सई पोटात असताना तो गेला. गावाला सांगितलं, कावीळ झाली. सासूसासरे आधीच गेलेले. कांताला स्वतःला काय झालंय ते तिला, मला आणि सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सला ठाऊक होतं. बाळंतपणाआधीच तिच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. गावाच्या लेखी मी 'पोरांचं वजन बघनाऱ्या बाई'. आडोसा म्हणून आम्ही वस्तीवरच्या सगळ्याच लहान मुलांची वजनं करायचो, आणि सईचं रक्त आतल्या खोलीत, दार लोटून घ्यायचो. आमची खूणही ठरलेली होती. निकाल चांगला आला तर मी म्हणायचं, "सईचं वजन भरलं." वाईट आला तर म्हणायचं, "पुन्हा वजन करावं लागेल."

आता सावडीचं सांगते, कारण सगळं तिथंच घडलं. त्या डोंगरात भात सावडीनं काढतात. आज तुझं वावर, उद्या माझं. वस्तीवरच्या अकरा घरांची सावड होती. ज्यानं तुझ्या वावरात विळा धरला त्याच्या वावरात तू धरायचा. मजुरी नाही, उपकार नाही. कांताकडे बैल नव्हता, गडी नव्हता, माहेरचं कुणी नव्हतं. होती ती सावड. सावडीतून नाव गेलं तर पिकलेलं भात उभ्यानं झडणार, आणि वर्षभर ती नि सई काय खाणार? नाव जायला रोग कळायचीही गरज नव्हती, नुसती शंका पुरे होती. म्हणून अंगात कणकण असली तरी दुसऱ्याच्या वावरात ती सगळ्यांच्या आधी उभी राहायची.

"बाई, यक येळ गोळी चुकली तर चालंल. सावड चुकून चालायची न्हाई," ती मला म्हणाली होती. मी तिला चांगलं फैलावर घेतलं होतं. गोळीचं महत्त्व तिला समजलेलं नाही, अशी माझ्या वहीत नोंदही केली होती. काय कळत होतं मला.

त्या दिवशी सकाळी सईचं शेवटचं रक्त घेतलं. नळी थंड पेटीत ठेवली, पेटी जीपमध्ये. दुपारपर्यंत ती पुण्याला पोचायला हवी होती. माझ्यामुळे कांताला सावडीला उशीर झाला. त्या दिवशी पाळी हौसाबाईची होती. हौसाबाई म्हणजे सावडीची कारभारीण. कुणाचं वावर कधी, कुणी कुठं उभं राहायचं, सगळं तिच्या जिभेवर. कांताला बोलणी बसू नयेत म्हणून मी तिच्याबरोबर वावरापर्यंत गेले.

"मावशी, हिला मीच अडकवलं होतं," मी बांधावरून म्हटलं.

"आडकवलं तर आडकवलं. आता तुमी बी सोडवून घ्या," असं म्हणून हौसाबाईनं एक विळा माझ्या हातात दिला. "सावडीच्या दिशी रिकाम्या हातानं बांधावर कुनी उभं ऱ्हात न्हाई. भात रुसतं."

माझं आजोळ वेल्ह्याकडचं. दिवाळीच्या सुट्टीत मी खाचरात विळा चालवलेला. आपण काही अगदीच शहरी नाही, हे दाखवायची हौस मला नडली. पेटीत रक्त आहे, वेळ मोजका आहे, हे माहीत असूनही मी पदर खोचला. डावीकडे हौसाबाई, मध्ये मी, उजवीकडे कांता. खाली अजून ओल होती, दहिवर वाळायचं होतं. भाताची पात वरून मऊ दिसते पण कडेनं करवतीसारखी असते. थोड्याच वेळात सगळ्यांच्या तळहातांवर बारीक लाल रेघा उमटतात, तशा माझ्याही उमटल्या. हौसाबाई मला चिडवत होती. "बाई, कापताय का भाताची हजामत करताय?" बाया हसत होत्या. कांताही हसत होती.

आणि तिचा विळा घसरला.

डाव्या हाताची करंगळी. बारीक नाही, चांगलं खोल लागलं. रक्त भाताच्या बुडख्यांवर टपटपायला लागलं. हौसाबाईनं विळा टाकला, बांधावरचा दगडी पाला ओरबाडला, तळहातांत चोळत धावत आली. जखमेला हाच औषधोपचार, पिढ्यान् पिढ्यांचा. मला तिचे तळहात दिसले. पात्यांनी फुटलेले, लाल रेघांनी भरलेले. आणि ते हात त्या रक्ताकडे चालले होते.

"मावशी, हात लावू नका तिला!"

मला वाटलं, मी हे मनात म्हटलं. पण सगळे विळे थांबले होते.

हौसाबाई वीतभर अंतरावर थबकली, पाला तसाच मुठीत. मी पर्समधून रुमाल काढला, पांढरा, निळ्या काठाचा. तो कांताच्या बोटाभोवती गुंडाळला, आणि मग तिचा हात धरला. आधी रुमाल, मग हात. मग मला शब्द सुचले. "माती असते ना हाताला. धनुर्वात होतो."

"आवं, इतकी वर्सं मीच पाला चोळतीया समद्यांस्नी," हौसाबाई सावकाश म्हणाली. "कुनाला न्हाई झाला धनुर्वात."

तिनं स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. मग तो लुगड्याला पुसला. दोनदा पुसला. ते सगळ्यांनी पाहिलं.

कांतानं माझ्याकडे पाहिलं नाही. ती उठली, ओळीच्या पार टोकाला गेली आणि बांधलेल्या बोटानं कापायला लागली. तिच्या शेजारी दोन माणसांची जागा मोकळी राहिली. मी जीपमध्ये बसेपर्यंत ती कुणीही भरली नव्हती.

नसरापूरपर्यंत मी स्वतःलाच पाढे म्हणून दाखवत होते. वरवरच्या ओरखड्यातून धोका नाहीच्या बरोबर. त्यात कांता औषधांवर. आणि गेल्याच खेपेला तिच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकासुद्धा सापडला नव्हता, ती तपासणी माझ्याच सहीची. म्हणजे त्या वावरात उभ्या असलेल्या माणसांमध्ये ज्या एकीला घाबरायचं काही कारण नाही हे ठाऊक होतं, तीच ओरडली होती. बाकीच्या निदान अजाण होत्या. महामार्गाला लागल्यावर ड्रायव्हरनं विचारलं, "मॅडम, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, ऊन लागलं.

प्रयोगशाळेत मी सईची नळी यंत्रात फिरवली. खाली लाल, वर पिवळसर पाणी, आणि मध्ये पांढऱ्या पेशींचा सायीसारखा पातळ थर. त्या थरावर माझा संसार चाललेला. एरवी तो उचलताना मी गुणगुणायचे. त्या दिवशी तो उचलायला मी दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं.

कांताची पाळी चौथ्या दिवशी होती. समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याच्या बातम्या येत होत्या, पुण्यावर ढग जमायला लागले होते. उभ्या भातावर पाऊस म्हणजे लोंब्या आडव्या, दाण्याला मोड. मी मायक्रोस्कोपातून डोकं काढून खिडकीतून आभाळ बघायचे आणि परत डोकं घालायचे. एकच प्रश्न. कांताच्या वावरात कुणी येईल का? हौसाबाईच्या मुलाकडे मोबाईल होता, नंबर माझ्याकडे होता. पण त्या घरात फोन करून विचारणार काय?

तिसऱ्या दिवशी सईचा निकाल आला. काही नव्हतं. पोर स्वच्छ होती. दीड वर्ष ज्या निरोपाची कांता वाट बघत होती तो माझ्या हातात होता, आणि मला धड आनंदही होत नव्हता. फोनवर 'वजन भरलं' म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हटलं नाही. चौथ्या दिवशी पहाटेच निघाले.

वावरात कांता एकटी होती.

बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी, त्यात सई झोपलेली. कांता वाकून कापत होती, आणि समोर सगळं भात पिवळंधमक उभं होतं. तिनं मान वर केली. "कुनी न्हाई आलं," एवढंच म्हणाली. "तांबडं फुटल्यापास्नं वाट बगितली. हौसामावशीच्या दाराशी बी जाऊन आले. दार लोटलेलं हुतं."

तिच्या बोटाला अजून माझा रुमाल होता. मळलेला, तांबडा-काळा झालेला.

"कांता, सईचं वजन भरलं."

तिनं आणखी दोन मुठी भात कापलं. मग विळा जमिनीत रोवला आणि त्या बुडख्यांमध्ये खाली बसली.

"नक्की?"

"नक्की."

"परत करावं लागनार न्हाई न्हवं?"

"नाही. कधीच नाही."

ती रडली नाही. उठली, ओहोळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुऊन आली, आणि मग झोळीतून सईला उचललं. तेव्हा मला त्या हात धुण्याचं काही वाटलं नाही. मी विळा घेतला आणि कापायला लागले. माफी मागायची कशी ते मला येत नव्हतं, भात कापता येत होतं.

ऊन वर आल्यावर पाठीमागे खसखस ऐकू आली. हौसाबाई दुसऱ्या टोकाकडून कापत येत होती. एकटी. हाक नाही, राम राम नाही. आम्ही तिघी दुपारपर्यंत कापत राहिलो. दर थोड्या वेळानं मी आभाळाकडे बघायचे, कांता वाटेकडे बघायची. वाटेवर कुणी नव्हतं.

भाकरी खायला बसलो तेव्हा हौसाबाईनं आपलं फडकं सोडलं आणि सोडता सोडता म्हणाली, "बाई, यक इचारू?"

"विचारा ना."

"दुखन्याचं नाव मला नगं. ज्याचं त्याला ठावं. येवडंच सांगा, त्या दिशी म्या हात लावला असता तर मला काय झालं असतं?"

"काही नाही, मावशी. काहीसुद्धा नाही."

"शपत?"

"शपथ."

"मंग रुमाल का काढला तुमी?"

परिषदांमध्ये मला अवघड प्रश्न पुष्कळ विचारले गेले. काहींना मी उत्तरं दिली, काहींना आकडेमोड दाखवून वाटेला लावलं. इथं दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. कांता भाकरीकडे बघत होती.

"मी घाबरले, मावशी."

"तुमी? तुमी तर ह्येचंच शिकलाय."

"हो. तरी घाबरले. माझं चुकलं."

हौसाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, चावून खाल्ला. सगळं सावकाश. "म्हंजी शिकलेल्यांनी घाबरलं तर चूक," ती म्हणाली, "आन आमी घाबरलो की अडानी."

मग तिनं काय केलं ते सांगते. कांताचा डावा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. रुमालाची गाठ सोडली. "आगं, हे फडकं बांधून चिघाळलं आसतं की बोट!" रुमाल बांधावर भिरकावला. दगडी पाला तोडला, तळहातांत चोळला आणि त्याच हातानं, त्याच फुटलेल्या हातानं, जखमेवर दाबून धरला. तिचा हात कापत होता. मला दिसत होतं, कापत होता. पण तिनं सोडला नाही.

त्या संध्याकाळी ती घरोघर गेली. काय बोलली ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दहापैकी पाच घरं आली. निम्मं भात खळ्यात पोचलं आणि दिवेलागणीला आभाळ फाटलं. उरलेलं निम्मं भिजलं, त्याला मोड आले. हे मुद्दाम सांगते, कारण ही गोष्ट मी ज्या एक-दोघांना सांगितली ते म्हणाले, वा, शेवट गोड झाला. शेवट गोड झाला नाही. दहाही घरं आली असती तर एक दाणा भिजला नसता, आणि ती पाच घरं माझ्या एका वाक्यानं थांबली होती. त्या वर्षी कांतानं पावसाळ्याच्या तोंडाला रेशनचे तांदूळ खाल्ले.

पुढच्या वर्षांत एकेक घर परत आलं. दोन आलीच नाहीत. गोळ्यांनी कांता धडधाकट राहिली, आणि मग तिनंच एकेकीला आपल्या तोंडानं आपलं दुखणं सांगितलं. मी दरवर्षी तिच्या पाळीला जायला लागले. एक दिवस जायचं, विळा धरायचा, भाकरी खायची, परत यायचं. मला वाटायचं, मी माझी सावड फेडतेय. दर खेपेला तिला सांगायचे, "काही होत नाही कांता, बिनधास्त राहा. जेवण, पाणी, पोरीला जवळ घेणं, कशानं काही होत नाही." ती म्हणायची, "व्हय बाई."

यंदाही ठरल्याप्रमाणे रविवारी गेले. वेल्ह्याकडे जाणाऱ्या गाड्यांची नेहमीची रीघ, डोंगरउतारावर नवे बंगले. पण वरच्या खाचरांत यंत्र चढत नाही, तिथं अजून विळाच. हौसाबाईला आता वाकवत नाही, डोळ्यांनीही कमी दिसतं. ती बांधावर बसून हुकूम सोडत होती. सई बारावीला आहे. तिला पुढे रक्त तपासणीचा कोर्स करायचाय. आईचं सगळं तिला माहीत आहे, गोळ्यांची वेळ तीच सांभाळते. ती माझ्या शेजारी कापत होती आणि मला विचारत होती, "बाई, आठवणीच्या पेशी किती वर्षं जगतात?" मी म्हटलं, काही काही जन्मभर. बोलण्याच्या नादात तिचा विळा सुटला.

डाव्या हाताचं बोट. फार नाही, पण रक्त आलं. इतक्या वर्षांत माझ्यासमोर दुसऱ्यांदा त्या सावडीत कुणाला विळा लागला होता. कांता धावत आली. सईच्या पुढ्यात येऊन थांबली, कमरेला हात घातला आणि घडी घातलेला एक रुमाल काढला. पांढऱ्याचा करडा झालेला. काठ निळा. त्या दिवशी बांधावर भिरकावलेला, माझाच. तो तिनं सईच्या बोटाभोवती गुंडाळला, आणि मग तिचा हात धरला.

सई हसली. "बघितलंत बाई? आईचं हे ठरलेलं. आधी रुमाल, मग हात. मी चालायला लागले तेव्हापासून. गुडघा फुटू दे, दात पडू दे. आणि रुमाल सापडला नाही तर लांबनंच ओरडायची, तूच दाब, तूच दाब."

पोरगी चेष्टेनं सांगत होती. मी विळा खाली ठेवला.

सोळा वर्षं मी तिला सांगत होते की काही होत नाही, आणि ती व्हय बाई म्हणत होती. माझं सांगणं तिनं ऐकलं होतं. माझा हात तिनं पाहिला होता. विश्वास तिनं हातावर ठेवला. सई लहानपणी कितीदा पडली असेल, कितीदा रडत आली असेल, आणि ही वीतभर अंतरावर रुमाल शोधत उभी. लेकीच्या रक्ताला आपला हात लागता कामा नये, हे तिला कुठल्याही शेजारणीनं शिकवलं नव्हतं. मी शिकवलं होतं.

"कांता, रुमाल सोड."

"आसू द्या बाई. सवय झालीया."

"सोड तो."

मी बांधावरचा पाला तोडला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिनं मूठ मिटली नाही. तळहात माझ्यापुढे धरला, भातानं फुटलेला, लाल रेघांचा. "बगा की. माझा हात फुटलाय."

"फुटू दे. तुझ्या रक्तात आता काही सापडत नाही. मी बघितलंय, दरवर्षी बघते."

"नक्की?"

"नक्की."

तिनं पहिल्यांदाच, सोळा वर्षांत पहिल्यांदाच, माझ्या डोळ्यांत रोखून पाहिलं. "तुमी माझ्या जागी असत्या तर?"

"घाबरले असते," मी म्हटलं. "पण धरला असता."

"काय झालं गं तिकडं?" हौसाबाई बांधावरून ओरडत होती. कांतानं रुमालाची गाठ सोडली, तो माझ्या हातात दिला. पाला दोन्ही तळव्यांत चोळला. तिचा हात सईच्या बोटाजवळ गेला, थांबला, आणि मग तिनं तो घट्ट दाबून धरला.

"आई गं! हळू," सई म्हणाली. "दुखतंय."

कांतानं हात ढिला केला नाही.